भिंतीत दडवलेले खांब

राहत्या खोलीत खांबाचा कोपरा पुढे आलेला दिसू नये, ही फ्लॅट घेणाऱ्याची आज जणू पहिली अट झाली आहे. कपाट भिंतीला सपाट टेकले पाहिजे, पलंग कोपऱ्यात नीट बसला पाहिजे. ही अपेक्षा गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. आयुष्याची पुंजी ओतल्यावर माणूस वीतभर जागेचाही हिशेब मागणारच. परंतु ती पुरवण्यासाठी चौकोनी खांब मोडून तो भिंतीच्या जाडीत मावेल असा काटकोनी करायचा, तीन भिंती मिळतात तेथे इंग्रजी टी अक्षरासारखा आणि चार मिळतात तेथे अधिकच्या चिन्हासारखा करायचा, ही पद्धत बांधकामात रुळली आहे. तिचा भार गणितावर, सळ्या बांधणाऱ्या कारागिरावर आणि अखेर त्या घरात राहणाऱ्यावर पडतो, याची चर्चा मात्र होत नाही.

आमच्या देवळांतील खांब चौकोनी, अष्टकोनी, गोल, नाना घाटांचे आहेत. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या मंडपातील कोरीव खांब पाहून खांबाच्या आकाराची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. पण त्या दगडाला मुख्यतः एकच काम आहे: वरचे ओझे दाबाने खाली पोचवणे. आरसीसीचा खांब तुळयांशी एकजीव ओतलेला असतो. तुळई वाकली की तोही वाकतो, आणि भूकंपात तर तो दोन्ही दिशांनी वाकतो. दगडात आकार ही बव्हंशी शोभेची बाब होती. येथे आकार बदलला की खांबाचा स्वभावच बदलतो.

एक साधा हिशेब मांडून पाहू. दोन्ही भुजा बाहेरून ६०० मिलिमीटर लांब आणि २०० मिलिमीटर जाड, असा काटकोनी खांब घ्या. त्याचे क्षेत्रफळ दोन लक्ष चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे ४५० मिलिमीटर बाजूच्या चौरस खांबाएवढेच. कागदावर सौदा समसमान दिसतो. परंतु या काटकोनाचा मध्यबिंदू काढला, तर तो दोन्ही बाहेरील बाजूंपासून २२० मिलिमीटरवर येतो, म्हणजे काँक्रीटमध्ये न पडता आतल्या कोपऱ्याच्या मोकळ्या हवेत! आडवा जोर मात्र खांबाला न पिळता जायचा असेल, तर तो दोन भुजांच्या मध्यरेषा जेथे छेदतात तेथूनच जावा लागतो. हे दोन बिंदू चौरस खांबात एकच असतात. येथे ते वेगळे झाल्यामुळे खांब वाकतो आणि पिळलाही जाऊ शकतो. शिवाय भिंतीच्या दिशेने वाकवला तरी तो तिरपा सरकू पाहतो. शक्ती दोन्हीकडे सारखी नसते, ही तर याहून महत्त्वाची गोष्ट. वाकताना दाब रुंद भुजेवर आला तर सामना करायला भरपूर काँक्रीट असते. तोच दाब दुसऱ्या भुजेच्या टोकावर आला की २०० मिलिमीटरच्या पट्टीलाच तो सोसावा लागतो आणि ती अकस्मात चुरडू शकते. भूकंप दिशा निवडून येत नाही.

गोल खांबाची गोष्ट निराळी. तोही चौकोनी नव्हे, पण सर्व दिशांना सारखा असल्याने हिशेबाला सरळ. भारतीय मानक संस्थेने १९८० साली काढलेल्या आलेखांच्या पुस्तकात, ज्यावर अभियंत्यांच्या पिढ्या पोसल्या, आयताकृती आणि गोल खांबांचे तक्ते आहेत. काटकोनी खांबांचे नाहीत. दोन दिशांच्या वाकण्यासाठी मानकात जे सोपे सूत्र आहे, तेही काटकोनी खांबाला डोळे मिटून लावता येत नाही. त्यासाठी छेदाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा ताण मोजावा लागतो, आणि तो एका कोनात नव्हे, चहूदिशांना. संगणक हे काम क्षणात करतो. म्हणून अडचण संपली असे नव्हे. यंत्राला खांब आडवा दिला की उलटा, हे पाहणारा जाणता मनुष्य लागतोच.

गणित बरोबर आले तरी अर्धे काम जागेवर उरते. आडव्या रिंगा एकाच सळईने काटकोनाच्या आतल्या कोपऱ्यात वळवून बांधल्या, तर ताण येताच ती सळई तेथे सरळ होऊ पाहते आणि कोपऱ्याचे काँक्रीट उडवून देते. म्हणून प्रत्येक भुजेला स्वतंत्र आयताकृती रिंग हवी आणि दोन्ही रिंगा सांध्यात एकमेकींवर चढलेल्या हव्यात. यात लोखंड अधिक लागते, वेळ अधिक लागतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नेमक्या अशाच कामात काटकसर सुचते.

आमच्या किनारपट्टीला आणखी एक गाठ आहे. वरच्या उदाहरणात चौरस खांबाचा घेर १८०० मिलिमीटर आहे, काटकोनी खांबाचा २४००. म्हणजे खाऱ्या हवेला तितकेच काँक्रीट एक तृतीयांश अधिक उघडे. २००० सालच्या मानकाने समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी सळ्यांवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले. २०० मधून दोन्हीकडचे ४५ वजा करा, रिंगांचे आठ-आठ आणि उभ्या सळ्यांचे सोळा-सोळा वजा करा. मधे उरतात ६२ मिलिमीटर. त्यातून तुळयांच्या सळ्या जायच्या, खडी उतरायची आणि काँक्रीट घट्ट करणारी यंत्राची सुईही शिरायची! ती न शिरल्यास आत पोकळ्या राहतात, वरून गिलावा होतो, आणि काही पावसाळ्यांनी खांबावर गंजाच्या रेषा उमटतात.

चीनने अशा खांबांसाठी २००६ साली स्वतंत्र नियमावली केली. भुजेची जाडी किमान २०० मिलिमीटर आणि लांबी जाडीच्या चौपटीपेक्षा अधिक नको, असे तीत स्पष्ट आहे. आमच्या भूकंपरोधक बांधणीच्या मानकाने २०१६ साली खांबाची किमान रुंदी ३०० मिलिमीटर केली. त्याच वर्षीच्या भूकंपविषयक नकाशात गोवा तिसऱ्या विभागात आहे, आणि १९६७ चा कोयनेचा धक्का येथेही जाणवला होता. भिंतीत दडवण्यासाठी केलेल्या २०० वा २३० च्या भुजेचा या अंकाशी मेळ कसा घालायचा, हे आराखड्यावर सही करणाऱ्याने लेखी सांगितले पाहिजे.

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक मजूर मेले. त्या दुर्घटनेचा खांबांच्या आकाराशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कागदोपत्री परवाना आणि प्रत्यक्ष मजबुती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या दिवसानंतर गोव्याला नव्याने सांगावे लागू नये. नगरनियोजन खाते तांत्रिक मंजुरी देते, पंचायत वा पालिका परवाना देते, आणि मजबुतीची हमी अभियंत्याच्या दाखल्यावर सोडली जाते. त्या दाखल्यात खांबाचा आकार काय आणि रिंगा कशा वळवल्या, हे वाचणार कोण?

चौकोनी नसलेल्या खांबांवर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. असे खांब असलेल्या प्रत्येक इमारतीचे गणित दुसऱ्या, बांधकामाशी हितसंबंध नसलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे, रिंगांचे स्वतंत्र नकाशे परवान्याच्या अर्जासोबत मागावेत, आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांची पाहणी होऊन तिची नोंद राहावी. प्रत्येक पंचायतीला स्वतंत्र अभियंता परवडणारा नाही. तालुकावार दोन-तीन जाणकारांची यादी करून बांधणाऱ्याकडूनच तपासणीचे शुल्क घेता येईल. हे शुल्क अखेर फ्लॅटच्या किमतीत चढेल, आणि घेणाऱ्याने ते सपाट भिंतीच्या किमतीत धरावे.