देवाच्या घरातला पंक्तिभेद

ख्रिस्ती माणसाची ओळख काय, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, बाटला तो आपल्या माणसांना मुकला. आतले म्हणतात, आपण सगळी देवाची लेकरं, पण ते आत्म्यापुरतं; सोयरीक ज्याने त्याने आपापल्यात करावी. पहिलं उत्तर चुकीचं आहे. दुसरं मला जास्त घातक वाटतं, कारण ते प्रभुभोजन घेऊन बाहेर पडलेली माणसं देतात.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहावं लागलं, हे खरंच. पण टिळकांनी बायकोला टाकलं नाही, मराठी सोडली नाही, अभंगही सोडला नाही. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आई आणि भाऊ दाराशी उभे असताना देवाच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्यांना येशूने आपली माणसं म्हटलं, याचा दाखला टीकाकार देतात. त्याच येशूने वधस्तंभावरून आईची सोय लावली, हे ते सांगत नाहीत. त्याने घर मोडलं नाही, त्याची दारं रुंद केली.

आता आतल्यांचं म्हणणं. ‘कुटुंब’ हे नातं फक्त आध्यात्मिक असतं, तर अंत्युखियात भांडण झालंच नसतं. तिथे पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आली आणि तो पंगतीतून मागे सरला. त्याने शिकवण बदलली नव्हती, फक्त ताट हलवलं होतं. तरीही पौलाने सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला आणि हा प्रसंग गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवला. जेवणातल्या वेगळेपणाला पौल सुवार्तेशी केलेली प्रतारणा मानतो. मग आपण त्याला ‘समाजाची रीत’ कसं म्हणायचं?

पौलाने दत्तकाचा दाखला दिला तोही विचारपूर्वक. रोमी कायद्यात दत्तक मुलगा पोटच्या मुलाइतकाच वारस असे. ऑगस्टसला गादीची वाट सीझरने मृत्युपत्रात दत्तक घेतल्यामुळेच मोकळी झाली. देवाच्या घरात आपण सगळेच दत्तक आहोत. तिथे कोण घरंदाज आणि कोण उपरा, हा हिशेब मांडायचा अधिकार कुणाला?

तरी तो मांडला जातो. उपासना संपते, नवीन माणसाला नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव. गावावरून उलगडा झाला नाही तर आवाज थोडा खाली येतो: ‘मूळचे कोण?’ मुलीचं स्थळ बघताना हाच प्रश्न पहिला येतो. गोव्यात कॉन्फ्रारियांची, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांची, दारं पिढ्यान्‌पिढ्या जातीप्रमाणे उघडली आणि मिटली. पाण्याने मस्तक भिजलं, वंशावळ कोरडीच राहिली.

हे बदलत नाही, असं मला कुणी सांगू नये. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळकांकडे परत आल्यावरही त्या आपलं सोवळं आणि वेगळी चूल सांभाळून होत्या. नवऱ्याने सक्ती केली नाही. देवाने माणसांत जाती केल्या असतील का, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि बाप्तिस्म्याआधीच शिवाशिव टाकून दिली. त्यांना जमलं, ते चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांना का जमू नये?

यावर शेवटचा आक्षेप येतो: मंडळीत जात आहे असं उघड बोललात, तर आपलीच नाचक्की होईल. मला उलट वाटतं. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. ‘तुमच्या धर्मात जात नाही’ असं त्यांना ऐकवलं जातं. खरं उत्तर असं आहे: आमच्या विश्वासात जात नाही, आमच्या मंडळीत आहे, आणि तिचे चटके याच बांधवांना बसतात. सरकारकडे त्यांचा हक्क मागणाऱ्या प्रत्येक पाळकाने आणि पंचाने हे उत्तर आधी आपल्या मंडळीसमोर द्यावं, आणि आपल्या मुलामुलींची स्थळं बघताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न विचारू नये.