परातीजवळची उपासना
रविवारची उपासना दोन तासांत आटोपते. घरातलं काम आठवडाभर आटोपत नाही. मग देव काय त्या दोन तासांपुरताच? १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवापाशीच असतो, असं ते सांगत. आपल्याला हे नवं वाटायला नको. जनाबाईला विठ्ठल जात्यापाशीच भेटला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे रोजच्या व्यवहारातच आणलं. दुष्काळातून आलेल्या बायका-मुलींच्या दिवसात प्रार्थनेच्या जोडीला स्वयंपाक, विणकाम, शेती, छपाई असायची. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्यांनी भाषांतरित केलेलं मराठी बायबल १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. हेच आपल्या घरातही घडतं: लोधिवलीसारख्या गावातल्या एखाद्या घरात तांदळाची उकड चटके सोसत मळायची, पाण्याचा हात लावून भाकरी थापायची आणि ती तव्यावर टम्म फुगली की मनातल्या मनात प्रभूचे आभार मानायचे. त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, वर आपण केलेलं चांगलं झाल्याचा आनंद असतोच. मात्र कामात देव आहे म्हणून सगळं काम घरच्या बाईच्याच माथी मारणं, ही भक्ती नव्हे. बायबलमधल्या मार्थेची घरकामातली ओढाताण येशूच्याही नजरेतून सुटली नव्हती. तेव्हा येत्या रविवारी चर्चहून परतल्यावर पुरुषमंडळींनी आधी भांडी घासायला घ्यावीत. तीही उपासनाच आहे.