ॲसिटोनऐवजी ग्लिसरीन

बारावीचा निकाल लागला की "कुठली ब्रँच घेणार?" हा प्रश्न आपल्या घरांतून अजून काही सुटलेला नाही. इलेक्ट्रिकल घेतलं की केमिस्ट्री कायमची सुटली, असं आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना वाटायचं. जपानच्या कोइची तनाकांनीही इलेक्ट्रिकलच घेतलं होतं. तोहोकू विद्यापीठातून १९८३ मध्ये ते इंजिनिअर झाले, क्योटोच्या शिमाझू कंपनीत लागले, आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. पीएचडी नाही, मास्टर्सही नाही.

शिमाझू वैज्ञानिक उपकरणं बनवते. तनाकांच्या टीमकडे मास स्पेक्ट्रोमीटरचं काम होतं. नाव अवघड आहे, पण हा साधा रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात नळीतून पळवायचा आणि दुसऱ्या टोकाला पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. हलका आधी पोहोचतो, जड मागून. वेळेवरून वजन निघतं. अडचण एवढीच, की पळवण्याआधी रेणू सुटा होऊन उडायला हवा. प्रोटीनचे रेणू अवाढव्य आणि नाजूक. अंड्यातला पांढरा भाग तव्यावर टाकला तर त्याची वाफ होत नाही, तो गोठतो. तसंच हे, तापवलं की उडण्याआधीच बिघडतात, तुटतात.

पण प्रोटीनचं वजन हवंय कशाला? माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. जीन्स म्हणजे रिपॉझिटरीत पडलेला कोड. प्रोटीन्स म्हणजे या क्षणी सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चालू आहे ते. सुरवंट आणि फुलपाखरू यांचा कोड एकच, चालू असलेली प्रोटीन्स वेगळी. सर्व्हर आडवा झाला तर नुसता कोड वाचून भागत नाही. शरीराचंही तेच. पेशीतली सगळी प्रोटीन्स ओळखायची आणि मोजायची, या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात, आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे हा तराजू.

तनाका लेसरने रेणू उडवून बघत होते. लेसरची उष्णता झटकन शोषून घ्यावी म्हणून नमुन्यात कोबाल्टची अतिशय बारीक पूड मिसळायची. बरीच मिश्रणं करून झाली, मोठे रेणू तुटतच होते. फेब्रुवारी १९८५ मध्ये जी पूड ॲसिटोनमध्ये कालवायची, ती त्यांनी चुकून ग्लिसरीनमध्ये कालवली. चूक लगेच लक्षात आली, पण पूड महागाची. जपानीत 'मोत्ताइनाइ' असा शब्द आहे, वाया घालवू नये अशा अर्थाचा. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरांत तो जास्त समजावून सांगायला नको. तनाकांनी ते मिश्रण तसंच यंत्रात ठेवलं. निर्वातात ग्लिसरीन उडून जाईल, आणि लवकर उडावं म्हणून लेसरही चालू केला. थांबायचंच आहे तर स्क्रीनकडे बघत राहिले. नमुना व्हिटॅमिन बी-१२ चा होता. एरवी तुकडे दिसायचे, तिथे अख्ख्या रेणूची खूण उमटली.

व्हॉट्सॲपवर ही गोष्ट इथेच संपते. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बी-१२ चा रेणू प्रोटीनपुढे अगदीच चिल्लर. तिथून खऱ्या प्रोटीनपर्यंत जायला, तेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळवायला आणि जड आयन टिपू शकेल असा डिटेक्टर तयार करायला सगळी टीम खपली. १९८७ मध्ये जपानमधल्याच एका परिषदेत त्यांनी काम मांडलं, १९८८ मध्ये शोधनिबंध आला. कंपनीने यंत्र बाजारात आणलं. विकलं गेलं फक्त एक!

इथे एक वाद आहे, तोही सांगायला हवा. जर्मनीत फ्रान्झ हिलेनकॅम्प आणि मिखाएल काराझ याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी धातूच्या पुडीऐवजी लेसर शोषणारे छोटे सेंद्रिय रेणू वापरले. आज जगभरच्या लॅबमध्ये 'माल्डी' म्हणून जी पद्धत चालते, ती त्यांची. तरी नोबेल मिळालं तनाकांना, कारण लेसरने अख्खं प्रोटीन उडवून आधी त्यांनी दाखवलं. निवड समितीचा तर्क मला पटतो. पण त्या दोघांची नावं गाळून ही गोष्ट सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

घरातलं कोणी जंतुसंसर्गाने आयसीयूत असेल, तर या तराजूची खरी किंमत कळते. कल्चरमध्ये जंतू वाढायला आजही वेळ लागतोच. पण वाढलेला जंतू कोणता हे ठरवायला पूर्वी अनेकदा आणखी एखादा दिवस जायचा, ते आता माल्डीने काही मिनिटांत होतं. त्याच्या प्रोटीन्सच्या वजनांचा नमुना काढायचा आणि डेटाबेसशी जुळवायचा. म्हणजे शेवटी आमचंच काम! कोणतं औषध लागू पडेल ही चाचणी वेगळी करावी लागते, पण जंतूचं नाव कळलं की डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागत नाही.

नोबेलची बातमी आली त्या दिवशी तनाका कंपनीच्या कामाच्या कपड्यांतच पत्रकारांसमोर बसले, आणि नंतरही शिमाझूतच राहिले. २०१८ मध्ये ते सहलेखक असलेला एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. रक्तातले अमायलॉइड बीटाचे तुकडे याच तराजूवर तोलून, मेंदूत अल्झायमरशी निगडित साठा झाला आहे का, हे सुमारे ९० टक्के अचूकतेने सांगता येतं, असं त्यात दाखवलं होतं. तोपर्यंत त्यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, नाहीतर महागडा पेट स्कॅन करायचा, एवढेच मार्ग होते.