तास नव्हे, सिम्युलेटर तपासा

वैमानिकांच्या तुटवड्यावर पुन्हा तोच उपाय पुढे आला: सिम्युलेटर वाढवा, तास वाढवा. सिम्युलेटर हवेतच. उड्डाणासाठी वेग घेतलेल्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव दीडशे प्रवासी मागे बसवून करता येत नाही. पण लॉगबुकातल्या तासांवर प्रशिक्षण जोखण्याची सवय घातक आहे. त्या तासांत यंत्राने काय शिकवलं, हे कोणी विचारत नाही.

बोइंगच्या ७३७ मॅक्सचंच घ्या. आधीचं ७३७ चालवणाऱ्यांना सिम्युलेटरची गरज नाही, टॅबलेटवरचा धडा पुरे, असं सांगून हे विमान विकलं गेलं. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियात दोन मॅक्स कोसळली. ३४६ माणसं गेली. दोन्ही वेळा विमान जमीन सोडतं न सोडतं तोच कॅप्टनच्या हातातला कंट्रोल कॉलम खडखडायला लागला. विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल हरवण्याच्या, जवळ गेल्याचा इशारा देणारा हा स्टिक शेकर. इशारा खोटा होता, एका सेन्सरच्या चुकीच्या मोजमापातून आलेला. त्याच मोजमापावर विसंबून एमकॅस ही प्रणाली विमानाचं नाक खाली दाबत राहिली. या अपघातांनंतर मॅक्ससाठी सिम्युलेटर सक्तीचा झाला. आता एप्रिल २०२२ आठवा. भारताची हवाई वाहतूक नियामक संस्था डीजीसीएने स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना मॅक्स उडवायला मनाई केली, कारण त्यांनी प्रशिक्षण घेतलेल्या सिम्युलेटरवर एका बाजूचा स्टिक शेकरच बंद होता. आधी सिम्युलेटरच नाही. मग आला तो नेमका तोच इशारा मुका असलेला.

वैमानिक अनुभवी असतील तर एवढ्याशा बिघाडाने काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी २००१चा न्यूयॉर्कचा अपघात पाहावा. अमेरिकन एअरलाइन्सच्या ए३०० विमानाच्या सहवैमानिकाने पुढच्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात शेपटीवरचा रडर फिरवणारं पेडल इतक्या जोराने आलटून-पालटून दाबलं की शेपटीचा उभा पंखच तुटला. २६५ जणांचा बळी गेला. अशा भोवऱ्याचा परिणाम अवास्तव फुगवून दाखवणाऱ्या सिम्युलेटर-प्रशिक्षणाकडेही तपास यंत्रणेने बोट दाखवलं. यंत्र चुकीचं शिकवत असेल, तर तास वाढवल्याने चूकच पक्की होते.

तपासणीसाठी यंत्र थांबवलं तर वैमानिक आणखी कमी पडतील, ही अडचण खरी आहे. पण ९० जणांना पुन्हा शिकवावं लागलं, तेव्हा वाचलेला वेळ कुठे गेला? तो बिघाड डीजीसीएच्या पाहणीत सापडला, लॉगबुकात नव्हे. अशा पाहण्या डीजीसीएने न कळवता कराव्यात आणि प्रत्येक सिम्युलेटरचा निष्कर्ष जाहीर करावा.