आत शिरण्याआधी बोला!

गल्लीतून हायवेला लागताना आपण बाइक थांबवतो, दोन्ही बाजूंना बघतो आणि मग पुढे काढतो. छोट्या विमानाला ही सोय नाही. ते हवेत ब्रेक मारून उभं राहू शकत नाही. म्हणून ‘आधी आत जाऊ, परवानगीचं नंतर बघू’ हा आपला लाडका हिशोब आकाशात चालत नाही.

हे आज सांगायचं कारण असं, की आपल्याकडची बरीच मुलं-मुली पायलटचं ट्रेनिंग घ्यायला अमेरिकेत जातात. तिथे एकट्याने विमान उडवताना एक प्रश्न हमखास पडतो : मोठ्या विमानतळाच्या जवळ आलोय, आता एअर ट्रॅफिक कंट्रोलशी कधी बोलायचं?

आधी नियम बघू. टॉवर असलेल्या साध्या विमानतळाभोवतीचं आकाश म्हणजे ‘क्लास डी’. त्याहून वर्दळीच्या ठिकाणी ‘क्लास सी’. लॉस एंजलिस, शिकागोसारख्या गजबजलेल्या विमानतळांभोवती ‘क्लास बी’. डी आणि सी मध्ये शिरण्याआधी दोन्ही बाजूंनी रेडिओ संपर्क झालेला असावा लागतो. तुम्ही हाक मारलीत एवढ्याने भागत नाही. कंट्रोलरने तुमच्या विमानाचा कॉलसाइन घेऊन उत्तर द्यायला हवं. गंमत म्हणजे कॉलसाइन घेऊन तो नुसतं ‘स्टँडबाय’ म्हणाला, तरी संपर्क झाला असं धरतात आणि आत जाता येतं. पण कॉलसाइन न घेता ‘कोण बोलतंय, स्टँडबाय’ एवढंच ऐकू आलं, तर बाहेरच घिरट्या घालायच्या. ‘बाहेर राहा’ म्हटलं, तर प्रश्नच मिटला. बी मध्ये मात्र नुसतं बोलणं होऊन उपयोग नाही. आत यायची क्लिअरन्स स्पष्ट शब्दांत मिळालीच पाहिजे.

म्हणजे नियम फक्त ‘आधी’ एवढंच सांगतो. पण किती आधी? छोटं विमान ताशी 100 नॉटच्या वेगाने जात असेल, तर हद्दीपासूनचे 5 सागरी मैल 3 मिनिटांत संपतात. तेवढ्यात विमानतळाच्या हवामानाची रेकॉर्डेड माहिती ऐकायची, फ्रिक्वेन्सी लावायची, दुसऱ्यांचं बोलणं संपायची वाट बघायची आणि मग आपला नंबर. पहिल्या हाकेला उत्तर आलंच नाही तर? म्हणूनच टॉवर असलेल्या विमानतळावर उतरायचं असेल तर साधारण 15 मैलांवरून पहिला कॉल करा, असं तिथली विमान वाहतूक यंत्रणा पायलटांना सांगते. हा कडक नियम नाही, पण शहाणपण यातच आहे.

यावर काही जण म्हणतात, ‘रडारवर दिसतोच की मी!’ त्यांनी 31 ऑगस्ट 1986 चा दिवस आठवावा. लॉस एंजलिसजवळच्या टॉरन्सहून निघालेलं एक छोटं पायपर विमान कंट्रोलशी न बोलता, नकळत नियंत्रित आकाशात शिरलं. आपण किती उंचीवर आहोत हे कंट्रोलला कळवणारी यंत्रणा त्यात नव्हती. सेरिटोस गावावर ते एरोमेक्सिकोच्या डीसी-9 ला धडकलं. डीसी-9 मधले 64, पायपरमधले 3 आणि खाली घरांत-अंगणात असलेले 15, असे 82 जीव गेले. चौकशीत सगळा दोष पायलटच्या माथी मारला गेला नाही. अशी टक्कर टाळायला कंट्रोलची व्यवस्थाच अपुरी होती, हे मुख्य कारण म्हणून नोंदवलं गेलं. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांवर टक्करीचा इशारा देणारी ‘टीकॅस’ यंत्रणा बंधनकारक झाली. यंत्रं सुधारली, पण कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

दुसरा युक्तिवाद जास्त रास्त वाटतो : ‘मी आत जातच नाही, कडेकडेने जातोय. मग कंट्रोलरला उगीच त्रास कशाला?’ कायद्याने यात काही चूक नाही. पण उतरायला येणारी आणि वर चढणारी मोठी विमानं त्याच कडेजवळून जातात. तुमचा नकाशा वाचण्यात एका मैलाची चूक झाली, तर कडेचं ‘आत’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : आत जायचं नसलं तरी जवळून जाताना बोला. कंट्रोलरला वेळ असेल तर तो आसपासच्या विमानांची माहिती देईल. नसेल तर नाही म्हणेल. तुमचं काय जातं?

खरी अडचण बऱ्याचदा वेगळीच असते. आपलं इंग्रजी चुकेल, सगळे ऐकतायत, कंट्रोलर खेकसेल, या भीतीने बटणावरचा अंगठा दबतच नाही. वर्गात शंका विचारताना होतं ना, अगदी तसंच. त्यावरही सोय आहे. पहिल्या कॉलमध्येच ‘स्टुडंट पायलट’ म्हणा. त्यात कमीपणा नाही, उलट कंट्रोलर जास्त सांभाळून घेतो. मग मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि मला काय हवंय, एवढ्या चारच गोष्टी सांगायच्या. घाबरून एकदा अडखळलात तर फार तर पुन्हा बोलावं लागेल. गप्प राहिलात, तर त्याची किंमत बाकीच्यांनाही मोजावी लागू शकते.