हॉटेल बदलले की सहलच बदलते

मे महिन्यातल्या परदेश सहलींची माहितीपत्रके दिवाळीच्या आगेमागे छापून तयार होतात. ओरलँडोच्या पानावर हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ ही पळवाट ठरलेली असते. रोममध्ये किंवा बँकॉकमध्ये ती खपून जाते. एक हॉटेल हातचे गेले तर दोन गल्ल्या सोडून त्याच दर्जाचे दुसरे मिळते आणि पाहुणा चार दिवसांत त्याचे नावही विसरतो. ओरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मात्र ती खपत नाही, कारण तिथे खोलीबरोबर वेळही विकला जातो.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरलेल्यांना चारही पार्कांत रोज इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. पैसे भरून रांग टाळण्याची ‘लायटनिंग लेन’ जुलै 2024 मध्ये नव्या रूपात आली. तिच्यात हॉटेलच्या पाहुण्यांना मुक्काम सुरू होण्याच्या 7 दिवस आधी सगळ्या मुक्कामाच्या वेळा निवडता येतात. बाहेर उतरलेल्यांना फक्त 3 दिवस आधी. रेस्तराँचे आरक्षण सर्वांसाठी 60 दिवस आधी उघडते, पण हॉटेलचा पाहुणा त्याच दिवशी पुढच्या 10 दिवसांपर्यंतची टेबले धरून ठेवतो. आता या प्रवाशाला ऐनवेळी आठ किलोमीटरवरच्या, तेवढ्याच ताऱ्यांच्या हॉटेलात टाकले, तर पलंग तसाच आणि नाश्ताही तसाच मिळेल, पण यातले बरेचसे गेलेले असेल.

ही रचना आपोआप झालेली नाही. 1955 मध्ये अनाहाइमला डिस्नेलँड उघडले तेव्हा वॉल्ट डिस्नेंकडे हॉटेल बांधायला पैसा उरला नव्हता. डिस्नेलँड हॉटेल उभे केले ते जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने आणि ते विकत घ्यायला कंपनीला 1988 उजाडले. पार्कभोवती तर काही वर्षांतच मोटेलांचा गराडा पडला आणि पाहुण्यांचा पैसा तिकडे जाऊ लागला. त्यातून शहाणे होऊन डिस्नेंनी फ्लोरिडात सुमारे 27 हजार एकर जमीन घेतली आणि त्यांच्या पश्चात कंपनीने 1971 मध्ये पार्कच्या जोडीनेच ‘कंटेम्पररी’ आणि ‘पॉलिनेशियन’ ही स्वतःची हॉटेले उघडली. आज तिथे कंपनीची पंचवीसहून अधिक हॉटेले आहेत.

मग एवढा साठा असताना ‘रूम नाही’ हे उत्तर इतक्या वेळा का येते?

नेहमीचे गिऱ्हाईक घ्या: आईवडील, दोन मुले आणि आजी. स्वस्त गटातल्या ‘पॉप सेंच्युरी’त 2,880 खोल्या आहेत, पण एका खोलीत चारच जण आणि वर पाळण्यातले एखादे बाळ. शोधाच्या चौकटीत पाच आकडा टाकला की स्क्रीन सरळ ‘उपलब्ध नाही’ म्हणतो. एजंट तेच गिऱ्हाइकाला सांगतो आणि विषय संपतो. प्रत्यक्षात हॉटेल भरलेले नसते, पाचवा माणूस बसत नसतो. आपल्या सवयीची ‘चाइल्ड विदाउट बेड’ची तडजोड तिथे नाही. जाणकार एजंट अशा वेळी ‘पोर्ट ऑर्लीन्स रिव्हरसाइड’मधल्या, लहान मुलासाठी पाचवा छोटा पलंग असलेल्या खोल्या पाहतो, ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’मधला सहा जणांचा फॅमिली स्वीट पाहतो, नाहीतर दोन खोल्यांचे गणित मांडतो.

दुसरे कारण रात्रींचे. सहा रात्रींपैकी मधली एक जरी विकली गेली असेल, तरी त्या प्रकारची खोली अख्ख्या मुक्कामासाठी गायब दिसते. एकेक रात्र वेगळी तपासली की भोक कुठे आहे ते कळते. मग त्या रात्रीपुरता खोलीचा प्रकार बदलायचा, की सहलच एक दिवस पुढे सरकवायची, हे ठरवता येते. शिवाय डिस्नेच्या पॅकेजचे पूर्ण पैसे 30 दिवस आधी भरायचे असतात आणि दंडाशिवाय रद्द करण्याची मुदतही तीच. त्यामुळे द्विधा मनःस्थितीतले लोक साधारण त्याच सुमारास माघार घेतात आणि खोल्या परत बाजारात येतात. रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटे स्क्रीन पाहण्याइतकेच हे काम आहे; ते कनिष्ठ सहकाऱ्यावर ढकलले की होत नाही.

व्हिसाची धाकधूक असलेल्या कुटुंबासाठी तर नुसती खोली घेणे पॅकेजपेक्षा शहाणपणाचे. डिस्नेकडे थेट घेतलेली खोली एका रात्रीच्या अनामतीवर धरता येते आणि सहा दिवस आधीपर्यंत नुकसान न होता सोडता येते. पोर्टलवरचा चार पैसे स्वस्त, विनापरतावा दर व्हिसाची मुलाखत व्हायच्या आधीच उचलणारे एजंट आजही दिसतात. त्यांच्या धाडसाची किंमत प्रवासी मोजतो.

ओरलँडोतल्याच युनिव्हर्सलमध्ये तर एकाच कंपनीची दोन हॉटेलेही ‘तत्सम’ ठरत नाहीत. ‘पोर्टोफिनो बे’, ‘हार्ड रॉक’ आणि ‘रॉयल पॅसिफिक’ या तिघांच्याच भाड्यात रांग टाळणारा एक्स्प्रेस पास येतो. ‘कबाना बे’च्या भाड्यात तो नाही. आणि मे 2025 मध्ये उघडलेल्या ‘एपिक युनिव्हर्स’ पार्कात तो पास चालतच नाही.

टोकियोच्या डिस्ने पार्कांची अडचण ओरलँडोच्या उलट आहे. ‘डिस्नेसी’ पार्कातच वसलेल्या ‘मिराकोस्टा’त जेमतेम 502 खोल्या आहेत आणि नुसत्या खोलीचे आरक्षण तीन महिने आधी, जपानच्या सकाळी 11 ला, म्हणजे आपल्या साडेसातला उघडते. मे महिन्याची खोली फेब्रुवारीत हाती येणार. माहितीपत्रक मात्र त्याआधी कित्येक आठवडे लोकांच्या हातात पडलेले असते. शिवाय महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आणि जपानचा एप्रिलअखेर सुरू होणारा सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ एकमेकांवर आदळतात. हाती नसलेल्या खोलीचे नाव छापण्याचा मोह इथे आवरलेलाच बरा.

सगळीकडेच पार्कच्या हॉटेलचा आग्रह धरावा असेही नाही. 1992 मध्ये पॅरिसजवळ युरो डिस्ने उघडले ते सुमारे 5,200 खोल्या घेऊन. लोक पॅरिसहून लोकल गाडीने सकाळी यायचे आणि रात्री परत जायचे. खोल्या रिकाम्या राहिल्या आणि ‘न्यूपोर्ट बे क्लब’ हे अकराशे खोल्यांचे हॉटेल पहिल्याच हिवाळ्यात बंद ठेवावे लागले. आजही पॅरिसमध्ये चार रात्री राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एका दिवसाच्या डिस्नेसाठी सामान हलवायला लावणे म्हणजे कमिशनसाठी केलेली धावपळ. हाँगकाँगमध्येही मेट्रो थेट पार्कच्या दारात सोडते.

उरतो तो माहितीपत्रकातल्या ‘किंवा तत्सम’ या कलमाचा प्रश्न. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे आणि तशा कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, हे अनेक टूर कंपन्यांच्या अजून गावी नाही. थीम पार्कच्या सहलींपुरते तरी ‘तत्सम’चे हे कलम काढून टाकावे. हॉटेलचे नाव आणि खोलीचा प्रकार छापावा. खोली अजून हाती नसेल तर ती कोणत्या महिन्यात पक्की होईल ते लिहावे. हॉटेल बदललेच, तर लवकर प्रवेश किंवा एक्स्प्रेस पास यांपैकी काय गेले आणि त्यापोटी किती रुपये परत मिळणार, हे प्रवाशाला विमानात बसण्याआधी लेखी कळवावे.