ट्रिपर पडतो म्हणून काढला

स्लॅब भरता भरता अंधार पडला की साइटवर फोकस लावतात. त्यासाठी वायरमनला बोलावतीलच असे नाही. फोकस बांबूला बाइंडिंग वायरने आवळायचा, केबलही त्याच तारेने बांधायची, सोललेली टोके काडी खुपसून सॉकेटमध्ये अडकवायची, की झाला उजेड. मी परवानाधारक वायरमन आहे, हिंजवडी-वाकडकडच्या बांधकामांवर काम करतो. माझ्या मते हा उजेड असा असतो, कारण तो कोणाच्याच बिलात नसतो. सळईचा हिशेब किलोवर, सिमेंटचा गोणीवर. फोकसची केबल मात्र मागच्या साइटवरून उरलेली, जागोजागी टेप मारलेली.

बाइंडिंग वायर ही केबलची वैरीण. बांबू हलला की ती रबर कापत जाते. तांबे उघडे पडून सळईला टेकले, तर ओल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत वीज पोचते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा ट्रिपर हवा. तेवढी गळती झाली की तो क्षणात पुरवठा तोडतो. साइटवर तो बसवतातही. मग पाऊस येतो, ट्रिपर सारखा पडू लागतो आणि मुकादम म्हणतो, "भाऊ, काम थांबतंय, डायरेक्ट करा." अहो, तो पडतोय म्हणजे कुठला तरी जोड भिजलाय! पण जोड शोधायला वेळ लागतो, डायरेक्ट करायला लागत नाही.

५०० वॉटच्या हॅलोजनजवळ गोणपाट गेले तरी पेटायची भीती असे. एलईडी आले, ती भीती कमी झाली आणि लोक निर्धास्त झाले. एलईडीचेही अंग धातूचे, त्यात २३० व्होल्ट येतात. आणि पिन टू-पिन म्हणून अर्थिंगची हिरवी तार छाटलेली.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती जमिनीखालच्या टाकीची. वॉटरप्रूफिंगवाले आत उतरतात. भिंत ओली, अंग घामाने ओले, हातात २३० व्होल्टचा होल्डर. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये लिहिले होते की टाकीत, खड्ड्यात, पाइपात पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा वापरू नये, आणि पेट घेणारी वाफ असेल तिथे फ्लेमप्रूफच दिवा हवा. कलम कारखान्यांसाठी होते, पण बांधकामाच्या टाकीतही ओल तीच आणि थिनरची वाफही तीच. काही जण २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि तोच टाकीत उतरवतात! मग २३० व्होल्टची केबलही आत गेलीच की. तो बाहेरच राहिला पाहिजे.

टेंडरमध्ये तात्पुरत्या उजेडाची वेगळी ओळ घाला: नवी रबरी केबल, स्टँडसह फोकस, ट्रिपर, २४ व्होल्टचा संच आणि रात्री स्लॅब असेल तेव्हा एक वायरमन. खर्च वाढतो, असे बिल्डर म्हणतील. सॅम्पल फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगमधले दिवेही मीच लावतो. त्यांचे बिल कधी अडलेले नाही.